बांधावरची रोपे का जातात? : ऊन, अवर्षण, पूर आणि लहान झाड

(शेतकी विभागाकडून)



मृग निघाला की दरसाल गट ऑफिसपुढे रोपांच्या ट्रॉल्या उभ्या राहतात. आंब्याची कलमे, चिंच, जांभूळ, करंज, शेवगा, साग. सभासद हौसेने रोपे नेतात, बांधाला, विहिरीच्या कडेला, वस्तीपुढे लावतात आणि पुढच्या मृगाला पुन्हा तीच मागणी घेऊन येतात. मागच्या सालच्या रोपांचे काय झाले म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले असते. "ऊन लागलं साहेब." "पुरात गेली." नाहीतर नुसतेच, "गेली."

यात सगळा दोष सभासदांचा नाही, हे आधीच कबूल करतो. आम्ही शेतकी खात्याची माणसे उसात वाढलेली. पानाकडे बघून नत्र कमी आहे की लोह, हे आम्ही सांगू. झाडाच्या बाबतीत मात्र रोप दिले, वहीत नोंद झाली, सही घेतली की आमचे काम संपले, अशी रीत होती. गेल्या काही वर्षांच्या हवामानाने ही रीत मोडायला लावली.

ही वर्षे आठवून बघा. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात माळावरच्या गावांना टँकर लागले. त्याच २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन भरणीच्या महिन्यात ढगाकडे बघत बसलो. आणि २०२५ साली मे महिन्यातच पाऊस कोसळला, २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल. मशागती अर्ध्यावर राहिल्या.

उसाचे काय, तो बारा ते अठरा महिन्यांचा पाहुणा. एक लागण बुडाली तर रान मोकळे करून दुसरी घेता येते. झाडाचा हिशेब तीस-चाळीस वर्षांचा. त्यातली पहिली तीन वर्षे कशी गेली यावर पुढचे पुष्कळ ठरते.

मोठे झाड आणि लहान झाड यांत फरक कशाचा, तर शिल्लकीचा. वीस वर्षांच्या चिंचेच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात, खोडात आणि मुळीत पिठूळ अन्न साठलेले असते. एक साल वाईट गेले तर ती साठवणीवर काढते. दोन वर्षांचे रोप म्हणजे नुकता वेगळा निघालेला संसार. रोज मिळवायचे, रोज खायचे. मुळ्या हातभर खोलीत, साल कागदासारखी, पाने मोजकी. मोठ्या झाडाच्या गावीही नसलेला आठवडा या रोपाचा शेवटचा असू शकतो.

उन्हाने नेमके काय होते

पान हे माठासारखे आहे. माठ पाझरतो म्हणून आतले पाणी गार राहते. पानाच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान थंड राहते. त्याच छिद्रांतून हवा आत येते आणि तिच्यापासून पान अन्न करते. मुळाशी ओल आहे तोवर हे चालू राहते. ओल तुटली की झाड पाणी वाचवायला छिद्रे मिटते. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बंद झाल्या. अन्न थांबले आणि गारवाही थांबला. मग उन्हातले पान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त तापते.

उष्ण प्रदेशातल्या झाडांचे पान साधारण २५ ते ३० अंशांच्या आसपास चांगले काम करते. पानाचे स्वतःचे तापमान ४६-४७ अंशांपर्यंत गेले की अन्न करणारी यंत्रणाच बिघडू लागते आणि ती पुन्हा नीट होईलच असे नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात हवा ४२ अंशांवर जाते. छिद्रे मिटलेले पान त्या ४६-४७ च्या किती जवळ जात असेल याचा अंदाज करा. "आंबा उन्हातलं झाड, त्याला काय होतंय," असे आपण म्हणतो. मोठ्या आंब्याला होत नाही. त्याची वरची पाने खालच्या पानांना सावली देतात आणि मुळी खाली गारव्यात असते.

लहान रोपाचा खरा वैरी पुष्कळदा वरचे ऊन नसून खालची जमीन असते. मे महिन्यात दुपारी उघड्या काळ्या रानाचा वरचा थर ६० अंशांपर्यंत तापतो. अनवाणी उभे राहून बघा म्हणजे आकडा लागणार नाही. सालीखालचा जिवंत पदर तेवढ्या उष्णतेला टिकत नाही. म्हणून रोपाचा गळा, म्हणजे खोड मातीत शिरते ती जागा, पश्चिमेच्या अंगाला भाजते. त्या जागी साल तपकिरी होऊन आत बसते. खोडाला पाचर मारल्यासारखे होते, पानांत केलेले अन्न खाली मुळीला पोचत नाही. मालक पाणी घालत राहतो, मुळी उपाशी मरत राहते.

रात्रीची गोष्ट सहसा कोणी बोलत नाही, पण ती ऊसवाल्यांना लवकर कळावी. थंडीच्या रात्री चांगल्या पडल्या की साखर उतारा चढतो, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. वाढ आवरते, रात्रीचा खर्च कमी होतो, शिल्लक कांड्यात साठते. झाडही रात्री श्वास घेते आणि दिवसा केलेले अन्न त्यात खर्च होते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च साधारण दुप्पट होतो. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात ला सेल्वा नावाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या जंगलात डेबोरा आणि डेव्हिड क्लार्क या जोडप्याने १९८४ पासून वर्षानुवर्षे तीच झाडे पट्टीने मोजली. ज्या वर्षी रात्री जास्त उबदार, त्या वर्षी खोडाची जाडी कमी वाढली, असे त्यांना दिसले. १९९७-९८ च्या एल निनोच्या वर्षी तर वाढ फारच खाली आली. ही मोजणी पूर्ण वाढलेल्या झाडांची होती आणि ते जंगल भर पावसाचे. आपल्या माळावरच्या, शिल्लक नसलेल्या रोपाचा उकाड्याच्या रात्री काय हिशेब बसत असेल ते त्यावरून ओळखावे.

अवर्षण : मोटारीने हवा धरली

पाणी तुटल्यावर झाडाच्या आत काय होते हे समजावून सांगायला आम्हाला विहिरीवरच्या मोटारीइतके चांगले उदाहरण सापडले नाही. फूट व्हॉल्व्ह उघडा पडला की मोटार हवा धरते. आवाज येतो, मोटार फिरते, पण पाणी चढत नाही. खोडाच्या लाकडात बारीक नळ्या असतात आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची सलग धार त्यांतून ओढली जाते. ओढणारे पान. खाली जमिनीत ओल राहिली नाही आणि वरून ऊन ओढत राहिले, की धार ताणली जाते आणि तुटते. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी बाद.

आपण मोटारीत पाणी ओतून हवा काढतो. झाडाला ती सोय फारशी नाही. बाद झालेल्या नळ्यांच्या जागी नवे लाकूड धरावे लागते, त्याला अन्न लागते, आणि अन्न तर छिद्रे मिटल्यापासून बंद. रोपात नळ्या मुळातच थोड्या. निम्म्या गेल्या की शेंडा वाळतो, पाऊणहून जास्त गेल्या तर वरून कितीही पाणी घाला, ते वर पोचत नाही. म्हणूनच पंधरा दिवस दुर्लक्ष करून सोळाव्या दिवशी घागरभर पाणी घातले तरी काही रोपे उभी राहत नाहीत. उशीर होऊन गेलेला असतो.

इथे आमच्या बाजूची एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही वाटलेल्या रोपांत बरीच रोपे पिशवीत फार दिवस राहिलेली असत. पिशवीचा तळ आला की मुळी गोल फिरते, घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी. असे रोप लावले तर वर दोन वर्षे ठीक दिसते. खाली मुळी त्याच वेटोळ्यात फिरत असते, खोल जात नाही. पहिला कडक उन्हाळा आला की ते जाते आणि नाव उन्हाचे होते. माळावरच्या एका सभासदाने असे वाळलेले रोप उपटून ऑफिसात आणून टेबलावर ठेवले होते. पिशवी काढून तीन वर्षे झाली तरी मुळ्यांना पिशवीचाच आकार. आमच्याकडे त्यावर काही उत्तर नव्हते.

रोज थोडे थोडे पाणी घालण्याची सवयही याच जातीची. तांब्याभर पाणी वरच्या चार बोटांत जिरते, मुळीही तिथेच घुटमळते, कारण खाली जायची तिला गरजच वाटत नाही. आणि मे महिन्यात तापते ते नेमके हेच चार बोटांचे माती. त्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी दोन घागरी, आळे भरून, सावकाश जिरवून द्या. ओल खाली गेली की मुळी तिच्या मागे जाते. दीड-दोन फुटांवर माती मे महिन्यातही गार असते. अगदी हलक्या मुरमात अंतर थोडे कमी करावे लागेल, एवढेच.

अवर्षणाचे वर्ष झाडाच्या अंगावर कायमचे लिहिले जाते. सागाचा ओंडका आडवा कापला की त्यात कडी दिसतात, दर वर्षाचे एक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सागाची अशी कडी मोजून जुन्या काळातल्या मान्सूनचा माग काढला आहे. पाऊसपाणी झालेल्या वर्षीचे कडे रुंद, कोरड्या वर्षीचे अरुंद. पुढची वर्षे कितीही चांगली गेली तरी ते अरुंद कडे रुंद होत नाही.

पूर : पाण्यात उभे आणि तरी तहानलेले

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे येतो. ही मोठी आहे.

२०१९ चा पूर ओसरल्यावर आम्ही नदीकाठच्या गावांतून फिरत होतो. उसाचे पंचनामे चालले होते, झाडाकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. एका वस्तीवर आबांनी हात धरून मळ्याच्या टोकाला नेले. दोन वर्षांची आंब्याची कलमे रांगेत उभी. पाणी त्यांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर सात-आठ दिवस होते. शेंडे पाण्याच्या वर राहिलेले. पाने माना टाकून लोंबत होती, अगदी तहानलेल्या झाडासारखी. वर चार दिवस कडक ऊन पडलेले. "पाणी द्यावं का?" आबांनी विचारले. आम्ही म्हणालो, द्या, आणि ताकद यावी म्हणून थोडा युरियाही टाका.

पंधरा दिवसांत बहुतेक कलमे गेली. आबांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. त्यांच्या मते पुरानेच नेली. आम्हाला मात्र आता माहीत आहे की निदान काही तरी आमच्या सल्ल्याने गेली.

झाले असे. मुळीलाही श्वास लागतो. वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मातीच्या कणांत थोडे पाणी, थोडी हवा, दोन्ही बेताने. जमीन तुडुंब झाली की हवेची जागा पाण्याने भरते. प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. जमिनीत जो काही थोडा उरलेला असतो तो मुळ्या आणि मातीतले जीवजंतू एक-दोन दिवसांत संपवतात. ऊबदार मातीत तर आणखी लवकर. त्यानंतर मुळी गुदमरते. गुदमरलेली मुळी पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड गळ्याइतक्या पाण्यात उभे आणि वर पाने तहानलेली. कोमेजणे तेच, कारण अगदी उलटे. त्याला आणखी पाणी म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडावर घागर ओतणे. युरियाने तर कुजक्या मुळीवर मीठच पडते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला होमस्टेड येथे विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तिथे आंब्याची लहान झाडे कुंड्यांत वाढवून मुद्दाम पाण्यात ठेवून बघितली गेली. दोन-तीन दिवसांतच पानांची छिद्रे मिटू लागली आणि अन्न करणे मंदावले. पाने अजून हिरवीच दिसत होती. काही झाडांनी मात्र पाण्याच्या रेषेपाशी सालीवर फुगीर, मऊ फोड काढले. ते श्वासाचे दार. ज्यांनी ते काढले ती जास्त दिवस तग धरून राहिली. आपल्या पुरातल्या झाडांच्या खोडावर असे पांढरट फोड दिसले तर रोग म्हणून खरवडू नका. झाड जगायची धडपड करते आहे.

सगळी झाडे एका मापाची नाहीत. पपई एक-दोन दिवसांच्या साठत्या पाण्यातही जाते, शेवगाही फार सोसत नाही. आंबा मध्यम. जांभूळ, करंज, अर्जुन ही मूळची ओढ्याकाठची मंडळी, ती पाण्यात पाय ठेवून उभी राहतात. ओढ्याला जा आणि आपोआप काय उगवले आहे ते बघा. नदीच्या पट्ट्यातल्या चिबड रानाला आम्ही शेवग्याची रोपे दिली होती, यावरून आमच्या वाटपाची कल्पना यावी. ट्रॉलीत जे वर असेल ते दिले जायचे.

कोणत्या दिवशी मेले?

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे आम्हाला इथे सांगायचे आहे. झाड ज्या दिवशी वाळलेले दिसते तो त्याच्या मरणाचा दिवस नसतो.

२०१९ च्या पुरातून वाचली म्हणून ज्यांच्याकडे आम्ही बोट दाखवत होतो, त्यांतली काही कलमे २०२० च्या एप्रिलमध्ये वाळली. मालक म्हणाले, ऊन लागले. आम्ही दोन खणून बघितली. खोल गेलेल्या मुळ्या काळ्या, साल हाताला निघून येत होती. दिवाळीच्या सुमाराला जी थोडी नवी मुळी फुटली ती वरच्या चार बोटांत, कारण हवा तिथेच होती. थंडीत तेवढ्यावर भागले. एप्रिलमध्ये ती चार बोटे तापली आणि खेळ संपला. मारले पुराने, नोंद झाली उन्हाच्या नावावर.

उलटही होते. अवर्षणात ज्याने शेंडा आणि मुळ्या गमावल्या ते रोप पावसाळ्यात हिरवे होते, आपण खूश होतो. पण साठवण रिकामी असते. त्या पावसाळ्यात आठ दिवस पाणी साठले तर धडधाकट रोप जे सोसते ते त्याला सोसत नाही. ऊन आणि पूर यांचे नुकसान वेगवेगळ्या खात्यावर पडत नाही, एकाच खात्यातून वजा होते. लागोपाठ दोन वाईट साले आली की खाते रिते. आणि गेल्या काही वर्षांत ती लागोपाठच येताहेत.

गारपिटीचेही तसेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्याने पाहिली. मोठ्या झाडाची फळे आणि पाने जातात, लहान झाडाची सालच सोलून निघते आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. कडाक्याच्या थंडीत आंब्याच्या कोवळ्या फुटीला चटका बसतो, पण आपल्या भागात ते क्वचित.

आता करायचे काय. पहिली गोष्ट फुकट आहे आणि आपण ती दरसाल जाळतो. पाचट. रोपाभोवती दोन-तीन फुटांच्या घेरात वीतभर जाडीचे पाचट पसरले तर उघड्या जमिनीचे तापणे थांबते आणि ओल टिकते. खोडापासून मात्र चार बोटे मोकळी सोडा. चिकटून पाचट ठेवले तर वाळवी लागते आणि पावसाळ्यात गळा कुजतो. एवढ्यासाठी वेगळा खर्च नाही. पण तोड झाली की फडाला काडी लावायची आणि वारा बांधाकडे असला तर बांधावरची दोन-तीन वर्षांची झाडे त्यात भाजून निघायची, हे आम्ही दर हंगामात बघतो. ज्याने रोपे मागून नेली त्यानेच ती भाजलेली असतात. पेटवणाऱ्याला विचारावे तर "खोडवा साफ होतोय." पाचट कुट्टी करून सरीत ठेवले तर खोडव्याला खतही होते, हे या अंकांतून इतक्या वेळा लिहिले आहे की आमचाच आम्हाला कंटाळा आला आहे.

दुसरे, पश्चिमेचा आडोसा. उसाच्या वाड्याचा किंवा तुराट्यांचा कूड पश्चिमेला रोवला तरी दुपारनंतरचा मारा अडतो. आपल्या आज्या कलमांवर झोपडी घालायच्या ती उगीच नव्हे. पहिले दोन उन्हाळे हे केले पाहिजे, तिसऱ्याला बहुधा लागत नाही. बुडाला चुन्याची निवळी फासली तर ऊन परतते, साल भाजत नाही.

नदीपट्ट्यात रोप खड्ड्यात नको, उंचवट्यावर लावा. दीड-दोन फूट मातीचा ढीग करून त्यावर. बाजूने चर काढून पाणी ओढ्याकडे काढून द्या. माळावर याच्या उलट, आळे खोलगट ठेवा म्हणजे वळवाचे पाणी थांबेल. आंब्याच्या बाबतीत माळावरच्या सभासदांना आमचा आग्रह आहे की तयार कलमापेक्षा रायवळ कोय जागेवरच लावावी आणि ती पेन्सिलीएवढी जाड झाली की तिथेच कलम बांधावे. कोयीची सोटमुळी न तुटता सरळ खाली जाते. एखादे साल उशिरा फळ येईल, पण झाड राहील.

पूर ओसरल्यावर घाई करू नका. आधी खोडाभोवती साचलेला गाळ हाताने मागे ओढा. गळा गाळात पुरला गेला की पूर गेल्यावरही गुदमरणे चालूच राहते. पानांवरचा चिखल साध्या पाण्याने धुवा. मग रोपापासून हातभर अंतरावर वीतभर खणून एक बारीक मुळी काढा. टोक पांढरे आणि कडक असेल तर मुळी जिवंत आहे. काळी, मऊ, सडक्या अंड्याचा वास, म्हणजे गुदमरलेली. अशा वेळी वाफसा येईपर्यंत पाणी नाही, युरिया नाही. माती वरवर हलवून मोकळी करा, हवा जाऊ द्या. झाडाने फार माना टाकल्या असतील तर थोडा पाला कमी करून सावली करा, म्हणजे उरलेल्या मुळीवरचा भार हलका होतो. मुळकुजीच्या औषधाची आळवणी करायची असेल तर आधी शेतकी मदतनीसाला मुळी दाखवा.

वाळलेले दिसले म्हणून लगेच उपटूही नका. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवे आणि ओलसर दिसले तर वर मेलेले झाड खाली जिवंत आहे. बुडाकडे बघत बघत खाली या, जिथवर हिरवे लागते तिथवर कापा आणि वाट बघा.

कलमाच्या बाबतीत एक सावधगिरी. वरचा केशर मरतो आणि कलमाच्या सांध्याखालून जोमाने फूट येते. मालक आनंदतो, फुटलं म्हणतो, पाहुण्यांना दाखवतो. ती फूट खुंटाची, म्हणजे रायवळाची असते. सहा-सात वर्षांनी त्याला आंबट गोटी लागतात आणि शिव्या आम्हाला बसतात. अशी फूट राहू द्यायला हरकत नाही, मुळी वाचलेली आहे हे चांगलेच. फक्त तिच्यावर पुन्हा केशराची काडी बांधून घ्या. गटाकडे कलम बांधणारी माणसे आहेत, निरोप दिला की येतात.

या वर्षापासून वाटपाची पद्धत बदलली आहे. सात-बारावरचा गट नंबर आणि रान कसले, म्हणजे नदीकाठ, चिबड, काळे की माळ, हे अर्जात लिहावे लागेल आणि त्याप्रमाणे रोप मिळेल. मृगाच्या तारखेला सरसकट ट्रॉली येणार नाही. दोन चांगले पाऊस होऊन जमिनीत हातभर ओल गेल्याचे गटाने कळवल्यावर ती त्या गटाला जाईल. रोप घेताना पिशवीचा तळ तिथेच फाडून बघा. मुळी गोल फिरलेली असेल तर रोप परत करा, बदलून मिळेल. बदलून देण्यास कोणी कुरकुर केली तर तेच रोप घेऊन सरळ शेतकी ऑफिसला या. टेबल रिकामे ठेवले आहे.